एका पावलीची रिकामी खाच

१९९८ सालच्या दिवाळीनंतरची एक दुपार. केजच्या आमच्या घरी पुढच्या खोलीत गोधडी अंथरलेली, गोधडीवर बाराशे पावल्या ओतलेल्या. एका बाजूला मी, चष्मा लावून. समोर हजराबी, चष्म्याशिवाय. मधे परातीत सीताफळं, तिच्या मालकांच्या गाड्यावरची, जरा जास्त पिकलेली म्हणून विकायची राहिलेली. आम्ही सीताफळ खात होतो आणि त्याच चिकट बोटांनी नाणी उलटवत होतो. पावली म्हणजे चार आणे, पंचवीस पैसे. त्यावर गेंडा असायचा. तासाभराने हजराबी बी थुंकून म्हणाली, "बाई, ह्ये गेंडे बगून बगून माजी कातडी बी तसलीच व्हायली." मी हसले आणि माझी मोजणी चुकली. पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्या दिवशी काहीच सापडलं नाही.

ही आठवण आधी लिहिण्याचं कारण असं. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, असं मृत्युपत्रात सुरुवातीलाच लिहावं लागतं, असं वकील सुंदरराव म्हणाले. मी तीस वर्षं मुलांना 'उत्तराला उदाहरण द्या' असं सांगत आले. तेव्हा वर दिलं ते उदाहरण.

तर मी, श्रीमती सत्यभामा मोहनराव लोमटे, वय ६७, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार शिक्षक कॉलनी, केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या धाकाने तर नव्हेच, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. अक्षर औरंगाबादच्या सिस्टरांच्या शाळेतलं आहे, त्यामुळे न वाचता आल्याची सबब कोणी सांगू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरण्याची घाई नाही, पण उन्हाळा कडक आहे आणि टँकर पाच दिवसांनी येतो.

कलम १. घर. हे घर मी माझ्या पगारातून बांधलं असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याची चतुःसीमा: उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाला, ज्यात पाणी असल्याचं मी दोनदा पाहिलं आहे, पश्चिमेस आमचा बोअर, चारशे फूट, कोरडा, पूर्वेस माझे पुतणे भारत यांचं घर, ज्याची भिंत माझ्या हद्दीत नऊ इंच आली आहे. हे घर माझी मुलगी शिवकन्या हिला मिळावं. भारतकडून नऊ इंच परत मागू नयेत. भिंत बांधताना मी माडीवरून सगळं पाहत होते आणि बोलले नाही, कारण त्या वेळी हातात नाणी होती आणि मोजणी चुकली असती.

कलम २. दागिने, बँकेतली ठेव, भांडी. सगळं शिवकन्येला. माझे पती कै. मोहनराव खरेदी-विक्री संघाचे सेक्रेटरी होते. संघाच्या रौप्यमहोत्सवात मिळालेली चौदा स्टीलची ताटं एकाच छापाची आहेत. तिला नको असल्यास ज्याला हवी त्याला द्यावीत. कोणालाच नको असतील याची मला कल्पना आहे.

कलम ३. डोळे. नेत्रदानाचा फॉर्म भरला आहे. मोतीबिंदू झालेले डोळेही चालतात, असं डॉक्टर म्हणतात. ज्याला मिळतील त्याची मी आधीच क्षमा मागते. या डोळ्यांनी काय काय केलं, ते पुढे येईल.

कलम ४. नाण्यांचा संग्रह. खरं मृत्युपत्र इथून सुरू होतं. वकील म्हणाले, "वर्णन सविस्तर द्या, म्हणजे पुढे वाद नको." म्हणून सविस्तर देते.

१९९६ साली गावात सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई होती की दुकानदार चार आण्यांऐवजी गोळ्या देत. आमच्या सुजला महिला नागरी सहकारी पतसंस्थेत मात्र चिल्लर पडून असायची, कारण भाजीवाले, फळवाले रोजची कमाई तिथेच भरत. शाळेच्या सहलीसाठी सुटे हवेत म्हणून मी तिथे गेले. शिपाई मुंजाजी यांनी चाळीस पावल्यांची एक, अशा वीस पुंगळ्या वर्तमानपत्रात वळून दिल्या. घरी एक पुंगळी सोडली आणि एका पावलीवर सालाच्या खाली बारीक चांदणी दिसली. माझ्या औरंगाबादच्या शाळेतल्या सिस्टर लुसी मूळच्या हैदराबादच्या. त्याआधी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की चांदणी असली की नाणं त्यांच्या गावच्या टांकसाळीचं, चौकट मुंबईचं, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसलं तर कलकत्त्याचं. मला वाटलं, प्रत्येक सालाची, प्रत्येक टांकसाळीची एकेक पावली जमवावी. दोन महिन्यांत होईल.

पंधरा वर्षं गेली. जाड पुठ्ठ्याला मी कर्कटकाने गोल आखून खाचा पाडल्या आणि अल्बम शिवले, एकूण तीन. सगळ्या खाचा भरल्या, एक सोडून: १९९३, चांदणी.

मोहनराव म्हणायचे, "सत्यभामा, नवऱ्याचा एवढा शोध घेतला असतास तर मी संघातून लवकर घरी आलो असतो." मी चष्मा पुसत होते.

हजराबी या कामात कशी आली, तेही लिहिते. ती शफी फळवाले यांची पत्नी. त्यांची चिल्लर भरायला रोज पतसंस्थेत यायची. एकदा मी पुंगळ्या घेताना पाहून तिने विचारलं, "बाई, एवडी चिल्लर कावून नेता? सायबाचा पगार असाच येतो का?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि गोधडीवर बसली. उर्दू चौथी शिकलेली, पण इंग्रजी आकडे नाण्यांवरूनच आठवड्यात शिकली. आंब्याचा देठ पाहून आतला किडा ओळखणारी नजर. माझी एक पुंगळी होईपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. मी तिला 'तू' म्हणायचे, ती मला 'तुमी'. हे मला तेव्हा खटकलं नाही.

आता आमच्या संशोधनाची पद्धत. दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तीस पुंगळ्या नोटा देऊन घ्यायच्या, आठवडाभर तपासायच्या, पुन्हा त्याच कागदात वळायच्या, टोकाला डिंक लावायचा, आणि परत भरायच्या. २००३ च्या सुमारास मला जाणवलं की मुंजाजींच्या पुंगळ्या फार सुबक व्हायला लागल्या आहेत. मी काउंटरवर सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं. "मुंजाजी, माणसाने ठरवलं तर हात सुधारतो, हे तुम्ही दाखवलंत." मुंजाजी खाली बघून म्हणाले, "तुमचीच कृपा, बाई."

२००४ च्या मे महिन्यात हजराबीने एक पुंगळी सोडली आणि कागदाच्या आतल्या घडीतून सीताफळाची बी पडली. तिने ती बोटांत धरून उजेडात पाहिली. मग म्हणाली, "बाई, मे म्हैन्यात सीताफळ कुटं आलं?"

आम्ही दोघी तशाच पतसंस्थेत गेलो. मुंजाजींनी लगेच कबूल केलं. "दोन सालापासून पाऊस न्हाई. डायरेक्टरबाईंनी मला चारा छावनीवर धाडलं. जनावरं मोजू का पुंगळ्या वळू? तुमच्या पुंगळ्या लई झ्याक वळलेल्या. म्हनलं, सोडून परत कशाला वळायच्या? खालच्या फळीवर ठिवायचो आन् तुमालाच द्यायचो. तुमी बी खुशीत न्यायच्या."

बाराशे पावल्या. सत्तर आठवडे. त्याच. आणि मी माझ्याच हातच्या कामाचं भर काउंटरवर कौतुक करून आले होते. हजराबी पायरीवर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. मी आठवडाभर रागावले आणि मग मीही हसले. आमच्या पंधरा वर्षांतला तो सगळ्यात चांगला दिवस होता, हे आता कळतं.

कलम ५. गुन्हा. वकील म्हणाले, हा शब्द मृत्युपत्रात नको. मी ठेवते आहे.

२०११ साली सरकारने पंचवीस पैसे बंद केले. २९ जूनपर्यंत बँकेत बदलून मिळणार होते. लोकांनी घराघरांतून डबे, गाडगी, देवघरातल्या पितळ्या आणून पतसंस्थेत ओतल्या. थैल्या २९ तारखेला मोठ्या बँकेत जाणार, आणि मग केजमध्ये पुन्हा पावली दिसणार नव्हती. मॅनेजरबाईंनी आम्हाला तीन दिवस मागची खोली वापरू दिली.

२८ तारखेला दुपारी मला ती मिळाली. १९९३ आणि खाली चांदणी. मी नाणं टेबलावर वेगळं ठेवलं आणि शिवकन्येला फोन करायला बाहेर गेले. परत आले तर टेबलावर नाणं नव्हतं.

हजराबी म्हणाली, "त्ये व्हय? ठिपका हाय त्येला, चांदणी न्हाई. थैलीत टाकलं."

मी थैल्यांकडे पाहिलं. त्यात हजारो पावल्या. मग मी काउंटरवर गेले आणि मॅनेजरबाई, मुंजाजी आणि पैसे भरायला आलेल्या दोन बायका यांच्यासमोर म्हणाले, "हजराबीला जरा पदर झटकायला सांगा."

जी बाई लहानपणी दर रविवारी सिस्टरांसमोर 'खोटी साक्ष देऊ नकोस' ही आज्ञा न अडखळता म्हणायची, तीच ही.

हजराबीने पदर झटकला. मग बटवा काउंटरवर उलटा केला. त्यातून सुपारी, एक एसटीचं तिकीट आणि अकरा रुपये निघाले. ते तिने एकेक करून पुन्हा भरले, गडबड न करता, आणि गेली.

त्यानंतर मी त्यांच्या गाड्यावरून फळ घेतलं नाही. रेल्वेने कुठे गेले की येताना घाटनांदूर स्टेशनवरून जीपमधून केळी आणायचे. जीपमध्ये त्यांचा लगदा व्हायचा आणि तो मी नेमाने खायचे.

२०१३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, त्या आठवड्यात मी अल्बम काढले. चांदणीच्या म्हणून बसवलेल्या पावल्यांपैकी नऊ पावल्यांवर ठिपका होता. स्पष्ट, गोल ठिपका. माझ्या डोळ्यांना कित्येक वर्षं प्रत्येक ठिपक्याला टोकं दिसत होती. त्यातल्या चारांच्या वेळी हजराबीने तेव्हाच "बाई, नीट बगा" म्हटलं होतं. मी तिला म्हटलं होतं, "तुला कळत नाही."

म्हणजे त्या दिवशी ती खरं बोलली होती. हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. तिचं घर दीडशे पावलांवर आहे आणि तीन वर्षांत मी गेले नाही. मी तालुक्यातल्या साहेबांशी इंग्रजीत भांडलेली बाई आहे. मराठीत दोन शब्द बोलायला मला जमलं नाही.

कलम ६. रद्द केलेलं कलम. मूळ कलम ६ असं होतं: माझ्या मृत्यूनंतर तीन अल्बम हजराबीला द्यावेत, आणि वरचं कलम ५ पतसंस्थेच्या काउंटरवर, कामाच्या दिवशी, त्याच लोकांसमोर मोठ्याने वाचावं. हे लिहिल्यावर मला फार बरं वाटलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि थोडी रडलेसुद्धा.

सुंदरराव म्हणाले, "लाभार्थीचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता लागेल."

पत्ता माहीत होता. पूर्ण नाव माहीत नव्हतं. पंधरा वर्षं जिच्यासोबत एका गोधडीवर बसले तिचं आडनाव मला माहीत नव्हतं. त्यामुळे गेल्या मंगळवारी सकाळी मी गेले. ती घरी नव्हती, टँकरच्या रांगेत होती. तिच्यापुढे गल्लीतली छबुबाई, मागे वीसेक घागरी. मी जाऊन तिच्याजवळ उभी राहिले, आणि पाच वर्षांनंतर पहिलं वाक्य बोलले ते असं:

"हजराबी, तुझं पूर्ण नाव काय?"

"कावून? पोलिसात देता का?"

"नाही गं. मृत्युपत्रात लिहायचंय."

"कुनाच्या?"

"माझ्या."

"मंग मरा आदी. मंग बगू."

रांग हसली. मला वाटलं घरी जावं. पण रांगेत माझ्यामागे आणखी चार जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि बाहेर पडायला जागा नव्हती. मी तिला कलम ६ सांगितलं, जसं होतं तसं. अल्बम, काउंटर, वाचन, सगळं. तिने घागर खाली ठेवली.

"म्हंजे तुमी मेल्यावर पुन्ना चार मानसात वाचनार, का हजराबीवर चोरीचा आळ आलता म्हनून? ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी बी कळू दे, असं?"

मी हे लक्षातच घेतलं नव्हतं. खरंच नाही.

"आन् तुमी माफी मागनार मेल्यावर. मी 'जाऊ द्या' कुनाला म्हनू? तुमच्या फोटूला?"

"मग काय करू?"

"तोंड हाय न्हवं? आत्ता बोला."

मी बोलले. जे बोलले ते असं, वकिलांच्या नोंदीसाठी: "माझं चुकलं. त्याला ठिपकाच होता. तुम्ही चोरी केली नव्हती, आणि हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं." तिला मी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले. तिने मान वर करून पाहिलं.

"'तुमी' कावून म्हनता? येवड्यात मी म्हातारी झाले का?"

तेवढ्यात छबुबाई ओरडली, "अवं बायांनो, रडायचं तर पानी भरून रडा! टाकी सरायली!" हजराबीने एक घागर उचलली, दुसरी माझ्या हातात दिली. "धरा. आन् तिरकी धरू नका, लोकाचं पानी हाय."

तिचं पूर्ण नाव हजराबी शफी बागवान आहे.

कलम ७. सुधारित वाटप. आज सकाळी ती घरी आली. अल्बम उघडले आणि पाच मिनिटांत आणखी एक चूक काढली, १९९० ची. म्हणजे एकूण दहा. मग म्हणाली, "ही पुस्तकं मला नको. घरात आंबे ठिवायला जागा न्हाई, गेंडे कुटं ठिवू?"

मी म्हणाले, मग तुला काय देऊ? ती म्हणाली, सही करते, साक्षीदार म्हणून. सुंदरराव म्हणाले की जो साक्षीदार त्याला मृत्युपत्रातून काही न देणं बरं, उगाच शंका नको. मी म्हणाले, "बघ, सही केलीस तर काही मिळणार नाही." ती म्हणाली, "वारीस व्हायला तुमी मरायची वाट बगावी लागंल. सही आजच करायची हाय." त्यानंतर चहा झाला आणि पुढीलप्रमाणे ठरलं:

(अ) तिन्ही अल्बम शिवकन्येला. चुकीची दहा नाणी आहेत तिथेच राहू द्यावीत. प्रत्येकाखाली मी 'ठिपका' असं लिहिलं आहे. १९९३ ची खाच कोणी भरू नये.

(आ) याच सालाची, याच चांदणीची एक पावली भारतने माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला ऑनलाइन एकशे ऐंशी रुपयांना मागवून प्लास्टिकच्या पाकिटात दिली होती. "काकू, येवड्यासाठी पंधरा वर्षं?" असं तो म्हणाला होता. मी त्याला जेवायला न वाढता घरी पाठवलं होतं. ते पाकीट न उघडलेलं आहे. ते भारतलाच मिळावं, आणि सोबत त्या दिवशीचं श्रीखंड राहिलं म्हणून कलम १ मधले नऊ इंच कायमचे.

(इ) स्टीलच्या डब्यात चालू असलेली एक आणि दोन रुपयांची नाणी आहेत. ती मुंजाजींना. पुंगळ्या त्यांनी स्वतः वळाव्यात.

(ई) भिंग, कर्कटक आणि चष्म्याची जुनी जोडी गावातल्या शाळेला. चष्म्यातून पाहून निष्कर्ष काढू नयेत.

(उ) गोधडी छबुबाईला देणार होते, पण तीही साक्षीदार झाली. गोधडी शिवकन्येला.

(ऊ) हजराबी शफी बागवान यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळू नये. हे त्यांच्या संमतीने आणि माझ्या नाइलाजाने लिहिलं आहे. आंबे मात्र मी यापुढे त्यांच्याच गाड्यावरून घेईन. पिकले नसतील तरी.

वर लिहिलेलं मी वाचून पाहिलं, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं, आणि दोघींच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

लिहून ठेवणार:
(सही) सत्यभामा मोहनराव लोमटे

साक्षीदार:
१. (सही, उर्दूत) हजराबी शफी बागवान, वय ६१, रा. केज
२. (डाव्या हाताचा अंगठा) छबुबाई अर्जुनराव शिंदे, वय ७०, रा. केज

ठिकाण: केज, जिल्हा बीड
दिनांक: २२ एप्रिल २०१६, शुक्रवार